चहा : कोणाच्या हातचा ?

‘घरचें’ या विशेषणाला मराठींत जें वजन आहे तें क्वचितच दुसऱ्या एखाद्या विशेषणाला असेल. घरचें तूप, घरचा मसाला, घरच्या शेवया या प्रयोगांत वस्तु कोठें झाली एवढेंच सांगितलेलें नसतें. ती निर्भेळ आहे, ती करणारा हात ओळखीचा आहे, आणि तिच्यापायीं आपण कोणाचे मिंधे झालों नाहीं, अशीं आश्वासनें त्या एका शब्दांत दडलेलीं असतात. ‘घरचा चहा’ याचा अर्थ आजवर घरीं केलेला चहा एवढाच होता. अलीकडे घरीं लावलेल्या झाडाचा चहा असाही तो होऊं लागला आहे. गवती चहा, आलें, पुदिना, तुळस हीं आपल्या परसांत व गच्चींत पूर्वींपासून होतींच. आतां प्रत्यक्ष चहाचें रोप मिळवून तें कुंडींत वाढविणारे हौशी लोकही भेटूं लागले आहेत. आमच्याबरोबर वनस्पतिशास्त्र शिकविणारे एक स्नेही त्यांतलेच. आपल्या तीन वर्षांच्या झुडपाचीं पानें खुडून, घरींच सुकवून, त्यांचा चहा त्यांनीं मला दिला आणि म्हणाले, “निदान हा एक पेला तरी दुसऱ्या कोणाच्या घामाचा नाहीं.”

चहा सौम्य होता. वाक्य मात्र मला सोडीना. दुसऱ्याच्या श्रमाचें फळ भोगतांना विचारी माणसाला जी एक अवघड जाणीव होते, तिच्यांतून आपल्या हातानें वस्तु निर्माण करून सुटतां येतें काय, हा प्रश्न त्या वाक्यांत आहे. आणि तो कांहीं चहापुरताच नाहीं. तरी तो चहाच्याच आधारानें पाहावा असें मला वाटतें, कारण ‘कोणाच्या हातचा’ हा प्रश्न चहाच्या पेल्यावरून आपल्या महाराष्ट्रांत पूर्वीं एकदां फार गाजलेला आहे.

प्रथम त्या झुडपाविषयीं थोडें. चहा ही कॅमेलिया प्रजातींतील सदाहरित वनस्पति. मोकळी सोडली तर तिचा वृक्ष होतो. मळ्यांत ती छाटून छाटून कंबरेइतकी ठेवतात, कारण नवे शेंडे खुडणाराच्या हाताशीं यावयास हवेत. तिला आम्ल माती लागते, मुळाशीं पाणी सांचलेलें खपत नाहीं, आणि हवेंत ओलावा हवा. पुण्याच्या चुनखडीच्या काळ्या मातीचा स्वभाव नेमका याच्या उलट. म्हणून आमच्या स्नेह्यांनीं कोंकणांतील तांबडी माती आणविली, तींत पालापाचोळ्याचें खत मिसळलें, विंधनविहिरीचें जड पाणी टाळून पावसाचें पाणी पिंपांत सांठविलें, आणि वैशाखांत झुडपावर गोणपाटाची सावली धरली. चहाचें बीं फार दिवस टिकत नाहीं. तें वाळलें कीं उगवण्याची शक्ति गेली. त्यामुळें रोप निलगिरीकडून मागवावें लागलें. एवढें सगळें झाल्यावर तिसऱ्या वर्षीं, दोन पानें आणि एक कळी अशा शेंड्यांची, पहिली खुडणी झाली.

पुढचें काम स्वयंपाकघरांतलें. खुडलेलीं पानें रात्रभर पसरून कोमेजूं द्यावयाचीं, तळहातांमध्यें चोळून वळावयाचीं, आणि मग कांहीं तास तशींच ठेवावयाचीं म्हणजे हवेच्या योगानें त्यांना तांब्याचा रंग चढतो. याला ‘आंबविणें’ म्हणण्याचा प्रघात आहे, परंतु त्यांत आंबण्यासारखें कांहीं नसतें. कापलेलें सफरचंद उघडें राहिलें असतां तांबूस होतें तशांतलाच हा प्रकार. शेवटीं मंद आंचेवर वाळवावयाचीं. वळण्यापूर्वींच पानें तव्यावर तापविलीं तर रंग पालटत नाहीं आणि हिरवा चहा होतो. असा हातीं वळलेला चहा दुधांत बुडून जातो, हें मात्र सांगितलें पाहिजे. बाजारांतल्या ज्या दाणेदार चहाला आपण ‘कडक’ म्हणतों, तो पान चिरडून, फाडून, त्याच्या गोळ्या वळणाऱ्या यंत्रांतून निघतो, आणि तें यंत्र आसामांत १९३० च्या सुमारास निघालें. तळहाताला तें साधावयाचें नाहीं.

घरच्या चहाचा मोह मोठमोठ्यांना झालेला आहे. वनस्पतींच्या नामकरणाचा आद्य आचार्य लिनियस याला तर त्याचा ध्यासच होता. यूरोपची चांदी चहापायीं चीनकडे वाहत जाते हें त्याला खुपे. स्वीडनमध्येंच चहा पिकविला तर हा ओघ थांबेल असा त्याचा हिशेब. एकदां त्याच्या हातीं आलेलीं रोपें चहाचीं नसून शोभेच्या कॅमेलियाचीं निघालीं. अखेर १७६३ त खरीं रोपें उप्सालास पोंचलीं. परंतु स्वीडनमध्यें चहाचे मळे कांहीं झाले नाहींत.

आमच्या स्नेह्यांच्या मनांत चांदीचा विचार नाहीं, आणि आपल्या गरजेपुरता चहा आपण पिकवूं अशी त्यांची समजूतही नाहीं. तसा हिशेब करूं गेल्यास तो हास्यास्पद ठरतो. एका पेल्याला सुमारें दोन ग्रॅम कोरडा चहा लागतो, आणि कोरड्याच्या चौपट-साडेचौपट ओलीं पानें. चार माणसांच्या घरांत माणशीं दोन पेले धरले तर वर्षाला सहा किलोंच्या आसपास चहा झाला. चांगल्या मळ्यांत एका झुडपापासून वर्षाकाठीं दीडशें ते दोनशें ग्रॅम चहा मिळतो. तेव्हां या कुटुंबाला तीस-चाळीस झुडपें हवींत, आणि तीं आसामच्या हवेसकट हवींत. स्नेह्यांना हवा आहे तो एकच निष्कलंक पेला. मुद्दा पोटाचा नसून मनाचा आहे, आणि म्हणूनच तो नीतीच्या प्रांतांत येतो.

आतां तें जुनें प्रकरण. १८९० च्या ऑक्टोबर महिन्यांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें शहरांतील प्रतिष्ठित मंडळी निमंत्रणावरून जमली. न्यायमूर्ति रानडे, टिळक, गोखले असे लोक त्यांत होते. त्यांच्यापुढें चहा आणि बिस्किटें आलीं. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हातीं धरून बाजूस ठेवला. पुढें गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत छापून आणलीं, आणि ख्रिस्ती माणसाच्या हातचा चहा प्याल्याचा आरोप घेऊन हें प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. चौकशी बसली, प्रायश्चित्तें ठरलीं. आपण काशीस प्रायश्चित्त घेतलें असल्याचें टिळकांनीं सांगितलें. रानड्यांनीं १८९२ त घेतलें, आणि त्याबद्दल सुधारकांचे बोल सोसले. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत या सगळ्या मनस्तापाचें वर्णन आहे. आज तें वाचतांना हंसूं येतें. परंतु तें हंसूं फार टिकूं देऊं नये. खेड्यांतल्या चहाच्या दुकानांत अस्पृश्यांसाठीं वेगळी ठेवलेली कपबशी त्यानंतर कित्येक दशकें आपल्याच डोळ्यांसमोर होती, आणि तिच्याविषयीं कोणी चौकशीमंडळ नेमलें नाहीं.

मला या प्रकरणांत आश्चर्य वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें. पेला पुढें करणाऱ्या हाताविषयीं एवढा काथ्याकूट झाला, तरी पान खुडणाऱ्या हाताविषयीं एक अक्षर कोणीं काढलें नाहीं. आणि त्या हाताची स्थिति त्या वेळीं कशी होती ? छोटा नागपूर, संथाळ परगणा अशा मुलखांतून आरकाट्यांनीं भुलवून आसामांत नेलेल्या मजुराला कराराच्या बेडीनें मळ्याशीं बांधलेलें असे. १८८२ च्या कायद्यानें पळून जाणाऱ्या मजुराला स्वतः पकडण्याची मुभा मळेवाल्यास दिलेली होती. ती १९०८ त निघाली. १८५९ च्या ज्या कायद्यान्वयें काम सोडणें हा फौजदारी गुन्हा ठरे, तो रद्द होण्यास तर १९२५ साल उजाडावें लागलें. या गोष्टी गुप्तही नव्हत्या. द्वारकानाथ गांगुली या ब्राह्मो गृहस्थानें १८८६ त आसामांत हिंडून मळ्यांतील हकीकती बंगालच्या पत्रांतून प्रसिद्ध केल्या होत्या. १९२१ त चरगोला खोऱ्यांतील हजारों मजूर मळे सोडून आपल्या मुलखाकडे पायीं निघाले, आणि चांदपूर स्टेशनांत गुरखा शिपायांनीं त्यांना झोडपून काढलें. म्हणजे ज्या दशकांत पुण्यांत ‘कोणाच्या हातचा’ हा प्रश्न विचारला जात होता, त्याच दशकांत त्याचें खरें उत्तर आसामांत उघडें पडलेलें होतें. प्रश्न बरोबर होता, पण तो भलत्या हाताला विचारला गेला.

आमच्या स्नेह्यांनीं तो योग्य हाताला विचारला, याबद्दल मला त्यांचा आदरच वाटतो. परंतु उत्तर त्यांनीं कोणतें दिलें ? जुना कर्मठ म्हणे, हा हात विटाळाचा आहे, म्हणून मी याच्याकडून घेणार नाहीं. आमचे स्नेही म्हणतात, या हातावर अन्याय झालेला आहे, म्हणून मी याच्याकडून घेणार नाहीं. कारणें दोन ध्रुवांइतकीं दूर, आणि पहिल्यांत तिरस्कार तर दुसऱ्यांत करुणा. तरी पेल्याच्या दृष्टीनें निकाल एकच लागतो. तो हात माझ्या पेल्यापर्यंत येऊं नये ! हें एक नवें सोवळेंच होय. सोवळ्याचा विषय नेहमीं ‘मी’ असतो. दुसरा माणूस त्यांत केवळ मला लागणाऱ्या डागाचें मूळ म्हणून येतो. आसामांतल्या त्या बाईची मजुरी थोडी आहे ही तक्रार आजही मिटलेली नाहीं. मी चहा विकत घेणें सोडलें म्हणून ती वाढत नाहीं. तिच्या हिशेबांतून मी फक्त उठून गेलों, एवढेंच होतें. आणि सगळेच असे उठून गेले तर तिची आहे तीही मजुरी जाईल.

शिवाय हें सोवळें पुरतें पाळलें जातें असेंही नाहीं. निलगिरींतल्या रोपवाटिकेंत तें रोप कोणीतरी एका पानाच्या फांदीपासून वाढविलें होतें. कोंकणांतली माती कोणीतरी खणली. आणि मला दिलेल्या त्या पेल्यांत साखर होती ! ही साखर आपल्या अगदीं जवळची. बीडकडचे ऊसतोड मजूर दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास घरदार बंद करून पश्चिम महाराष्ट्रांतल्या कारखान्यांकडे निघतात, फडाशेजारीं पालांत राहतात, आणि गळिताचा हंगाम संपल्यावर परततात. त्यांच्या करारांत नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. दोन माणसांची मिळून एक वस्तु, आणि तीही लोखंडाची ! भाषेचा अध्यापक म्हणून मीं पुष्कळ लक्षणा शिकविल्या आहेत. इतकी निर्दय लक्षणा मला दुसरी आढळलेली नाहीं. चहाच्या पानापुरते आपण स्वच्छ झालों असें म्हणणाराच्या चमच्यांत हा कोयता विरघळलेला असतो.

याच जातीची विसंगति इतिहासांत यापूर्वीं एकदां मोठ्या प्रमाणावर घडलेली आहे. १६ डिसेंबर १७७३ रोजीं बोस्टनच्या बंदरांत चहाच्या ३४२ पेट्या समुद्रांत पडल्या. त्या काळीं अमेरिकन वसाहतींतल्या देशाभिमानी बायकांनीं चहा वर्ज्य करून घरच्या व रानच्या पाल्याचा काढा सुरू केला. रासबेरीचीं पानें, पुदिना, आणि पुढें ‘न्यू जर्सी चहा’ या नांवानें प्रसिद्ध पावलेलें एक रानझुडूप, हीं उकळून लोक स्वातंत्र्याचा चहा पीत. या त्यागाची थोरवी मी कमी लेखीत नाहीं. परंतु गुलामगिरी त्या वेळीं तेराही वसाहतींत कायदेशीर होती, आणि पेल्यांतली गोडी वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या उसाची. कराचा पैसा कोणाच्या खिशांत जातो तें त्यांनीं विचारलें. ऊस कोण तोडतो तें नाहीं.

येथें माझ्या विवेचनावर एक आक्षेप येईल, आणि तो बळकट आहे. १७९१ त विल्यम फॉक्स नांवाच्या इंग्रज गृहस्थानें एक पुस्तिका काढून वेस्ट इंडीजची साखर सोडा असें देशबांधवांस आवाहन केलें, आणि हजारों कुटुंबांनीं ती खरोखरच सोडली. तीही आपला पेला स्वच्छ ठेवण्याचीच खटपट नव्हे काय ? मला वाटतें, नव्हे. आणि फरक फॉक्सच्या हिशेबांत दिसतो. आठवड्यास पांच पौंड साखर वापरणारें कुटुंब एकवीस महिने ती वर्ज्य करील तर एका माणसाची गुलामगिरी किंवा हत्या टळेल, असा त्याचा हिशेब होता. तो बरोबर होता कीं नाहीं हा प्रश्न गौण आहे. मोजण्याचें परिमाण पाहा : माझ्या आत्म्याला किती डाग लागला हें तो मोजीत नाहीं, तिकडचा माणूस किती सुटला हें मोजतो. असा त्याग स्वतःपाशीं संपत नाहीं. तो पार्लमेंटाकडे अर्ज करावयास जातो. गुलामांचा व्यापार १८०७ त कायद्यानें बंद झाला, आणि गुलामगिरी नष्ट करण्याचा कायदा १८३३ त झाला. या कामीं साखर सोडणाऱ्यांचा वांटा किती याबद्दल इतिहासकार वाद घालोत. ज्यांनीं साखर सोडली त्यांनीं विचारणें सोडलें नाहीं, एवढें माझ्या कामापुरतें पुरे आहे.

मग घरीं चहा लावूंच नये काय ? अवश्य लावावा, असें माझें मत आहे. फक्त तो ऋणांतून सुटण्यासाठीं लावूं नये. आपल्या घरांतल्या जुन्या वनस्पति याबाबतींत आपल्याहून शहाण्या आहेत. गवती चहाचेंच घ्या. हा चहाच नव्हे, हें गवत. तरी आपण त्याला चहा म्हणतों. उलट १६८९ त सुरतेच्या प्रवासास निघालेला ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री सांगतो कीं तेथील बनिये खऱ्या चहांत मसाले आणि खडीसाखर किंवा लिंबू घालून तो औषधासारखा घेत. म्हणजे आपण चहाचा आधीं काढा केला आणि मग काढ्याला चहा म्हटलें! असो. या गवताला आपल्याकडे बहुधा फूलच येत नाहीं. बीं नाहीं, म्हणून तें दुकानांतल्या पुडींत मिळत नाहीं. कोणाकडून तरी ठोंब मागून आणावा लागतो. ज्या परसांत गवती चहा आहे त्या परसानें केव्हांतरी दुसऱ्या परसापुढें हात पसरलेला आहे, असें खुशाल समजावें. तुळशीची गोष्ट याहून सूक्ष्म. द्वादशीस पान खुडूं नये, सूर्यास्तानंतर खुडूं नये, खुडण्यापूर्वीं हात जोडावे, असे नियम आपल्या आज्या पाळीत. त्यांतील पापपुण्याचा भाग ज्याला सोडावयाचा त्यानें सोडावा. परंतु पान खुडणें ही परवानगी मागून करावयाची गोष्ट आहे, ही जाणीव त्या नियमांनीं घरांतल्या लहान मुलाच्या बोटांत उतरविली होती. तुळस घरची असूनही तिच्यावर आपली सत्ता आहे असें त्या बायांना वाटत नसे.

चहाच्या झुडपापासून असेंच कांहीं मिळण्यासारखें आहे, आणि तें म्हणजे माप. आमच्या स्नेह्यांच्या झुडपाचे शेंडे मीं त्यांच्याबरोबर खुडले. एका पेल्यापुरतें पान जमण्यास दहा ते वीस शेंडे लागतात. कोवळा शेंडा नखानें न दुखवितां बोटांच्या चिमटींत मोडावा लागतो, आणि अर्ध्या घटकेंत पाठ बोलूं लागते. घरीं आल्यावर मीं उरलेला हिशेब पुरा केला. चार माणसांच्या त्या कुटुंबाचा वर्षाचा चहा सहा किलो, म्हणजे ओलें पान पंचवीस किलोंच्या थोडें वर. आसामच्या मळ्यांत एका बाईनें एका दिवसांत खुडावयाचा नेमून दिलेला भार वीस किलोंच्या पुढें असतो. म्हणजे आम्हां चौघांचा वर्षभराचा, सकाळ-संध्याकाळचा, पाहुण्यांना न धरतां, सगळा चहा हें एका बाईचें एका दिवसाचें, फार तर सव्वा दिवसाचें खुडणें आहे. छाटणी, निंदणी, कारखान्यांतलें काम हें यांत धरलेलें नाहीं. तें धरूनही आंकडा कांहीं दिवसांच्या पलीकडे जाईल असें वाटत नाहीं.

हा आंकडा पाहून मी चकित झालों. जें ऋण फेडतां न येण्याजोगें प्रचंड आहे अशा समजुतीनें आपण त्याच्यापासून पळतों, तें इतकें लहान निघावें ! तिची मजुरी उद्यां दुप्पट झाली आणि तिचा सबंध भार गिऱ्हाइकावर पडला, तरी माझ्या घराला वर्षाकाठीं तिच्या एका-सव्वा दिवसाच्या मजुरीइतकेच पैसे अधिक द्यावे लागतील. तें मला सहज झेपेल, आणि हा लेख वाचणाऱ्या बहुतेकांना झेपेल. मात्र ते पैसे तिच्यापर्यंत पोंचविण्याची वाट मला एकट्याला सांपडण्यासारखी नाहीं. महागांतला पुडा घेतल्यानें ते पोंचतात असें नव्हे. मध्यें लिलाव आहे, दलाल आहे, कंपनी आहे, दुकान आहे. ती वाट कायद्याची, मजूरसंघांची, आणि पुनःपुन्हां विचारणाऱ्या गिऱ्हाइकांची आहे. कुंडींतल्या झुडपाला घातलेलें पावसाचें पाणी त्या वाटेवर पडत नाहीं.

मीं आपल्यापुरता आरंभ म्हणून वाण्याला विचारून पाहिलें कीं, या पुड्यांतला चहा कोणत्या मळ्यांतला. त्यानें पुडा दोनदां फिरवून पाहिला, आणि त्यावरची छापील किंमत मला वाचून दाखविली.